कानातले रातकिडे

प्रश्न : मी इचलकरंजीत 26 वर्षं यंत्रमाग चालवला. वर्षभर दोन्ही कानांत रातकिडे किरकिरतात, रात्री दिवा मालवला की जास्तच. परवा सकाळपासून मात्र उजव्या कानाला फोन लावला तर बोलणं कळेनासं झालंय. शेजारच्या मावशी कोमट तेल घाला म्हणतात. घालू का?

उत्तर : दादा, तेल नको. हे वाचताच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, आजच. एका कानाचं ऐकणं असं अचानक गेलं तर ती तातडीची बाब असते. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर ऐकू परत येण्याची आशा जास्त. ‘मळ असेल, जाईल’ म्हणून थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

जुनी किरकिर वेगळी. मागाच्या खडखडाटानं आतल्या कानातल्या केसासारख्या नाजूक पेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू जणू स्वतःच आवाज वाढवतो. ती पूर्ण थांबवणारी गोळी नाही. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानं किरकिरही बऱ्याचदा मागे पडते. झोपताना पंखा किंवा मंद रेडिओ चालू ठेवा, निव्वळ शांतता नको.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, गरगरत असेल किंवा तोंड एका बाजूला ओढलं जात असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मागावर अजून जाता का? मग इअरप्लग घाला. कापसाच्या बोळ्यानं भागत नाही.