दारूच्या बाटल्या नजरेआड ठेवण्याचा आयर्लंडसारखा कायदा आपल्याकडे आला, तर काही फरक पडेल का?

पिणाऱ्याला काडीचा फरक पडणार नाही. सोडणाऱ्याला पडेल, आणि त्याचा विचार कोणीच करत नाही म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव धुळे-जळगावच्या मधलं, महामार्गावरचं, नगरपालिकेचं. धाकटा भाऊ जळगावला डाळमिलमध्ये, रोजचं अप-डाउन. जानेवारी २०१७ मध्ये त्याने दारू सोडली. सोडली कसली, सोडवली: डॉक्टरच्या गोळ्या, आईचे नवस, बायको दोन महिने माहेरी. पण एसटी थांबते तिथेच समोर वाइन शॉप. काचेचा फ्रीज, आत पांढरा लाइट. लोडशेडिंगमध्ये सगळी गल्ली काळीठिक्कर, फ्रीज मात्र इन्व्हर्टरवर लखलखतोय. हा बिचारा दुकानाकडे पाठ करून गाडीतून उतरायचा.

आमच्या नानांना (थोरले काका, आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेले) याचं फार हसू यायचं. एकदा ओट्यावर चार माणसांत म्हणाले, "बाटली काय तुले हाक मारस का रे?"

भाऊ म्हणाला, "मारस ना, नाना."

सगळे हसले. तो नाही हसला.

१ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद झाली. समोरचं शटर खाली आलं. भाऊ तोंड वर करून उतरायला लागला, स्टॉपवर कोणाशी दोन गोष्टी बोलायला लागला. ढाब्यामागे जास्तीचे पैसे मोजून बाटली मिळत होतीच आणि त्याला ते ठाऊकही होतं, पण तिथवर ठरवून जावं लागायचं. फ्रीजसमोर ठरवावं लागत नाही, पाय आपोआप वळतात. एवढं साधं नानांना आजतागायत पटलेलं नाही.

जुलैत कोर्टानेच खुलासा केला की पालिका हद्दीतल्या दुकानांना ही बंदी नाही. दसऱ्याच्या सुमारास शटर वर गेलं, नवीन बोर्डासकट. चौथ्या दिवशी भाऊ वास मारत घरी आला. नाना म्हणाले, "मनच कच्चं." त्या दिवसापासून नानांशी माझं कामापुरतंच बोलणं.

आता तुमचा आयर्लंड. त्यांचा कायदा २०१८ चा, बाटल्या आड ठेवायचं कलम लागू झालं ते १२ नोव्हेंबर २०२० पासून. किराणा, सुपरमार्केट अशा दुकानांत दारू १.२ मीटर उंच आडोशामागे वेगळ्या जागेत किंवा बंद कपाटात ठेवायची. फक्त दारूच विकणाऱ्या दुकानांना ते कलम नाहीच! आपल्याकडे तर दारू विकतात तीच वेगळ्या दुकानांत. म्हणजे तो कायदा जसाच्या तसा उचलून आणला, तर आमच्या स्टॉपसमोरचा फ्रीज जागचा हलणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये कपाटातून वाइन विकू द्यायचं ठरवलं होतं, ते अमलात आलं असतं तर हा आडोसा कामाला आला असता. आपल्याला हवं ते वेगळंच: वाइन शॉपची काच रस्त्याकडून झाका, फ्रीज आत न्या. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारूच्या जाहिरातीला बंदी आहेच ना? मग रस्त्यावर तोंड करून उजळलेला तो फ्रीज काय देवघर आहे?

हां, एक कबूल करतो. हातभट्टीला ना काच ना बोर्ड, तिथे पडद्याचा उपयोग शून्य. आणि भाऊ पुन्हा घसरला त्याच आठवड्यात मिलमध्ये त्याचं भांडणही झालं होतं. सगळं खापर फ्रीजवर फोडत नाही. नानांसमोर मात्र फोडतो.

दुसऱ्यांदा सोडल्यापासून भाऊ एक स्टॉप आधीच उतरतो आणि तिथून रिक्षाने घरी येतो. रोजचे दहा रुपये जास्तीचे. नाना त्याला अजून भित्रा म्हणतात. परवा मी त्यांना म्हटलं, महिन्याचे अडीचशे होतात, तुम्ही देता का?