बहिणीचे पैसे बुडवले, तिलाच खोटं पाडलं. ख्रिस्ती माणसानं आता समेट कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की मोठ्या बहिणीकडून उसने घेतलेले पैसे परत केले नाहीत, वर नातेवाइकांत "तिनं दिलेच नव्हते" असं सांगितलंत. प्रार्थनेत क्षमा मागितली, तरी मन खातंय.

मी पाळक नाही, मंडळीतली साधी सभासद आहे. पण मला विचाराल तर मन खातंय ते योग्यच आहे. पैसे ताईचे गेले, नाव ताईचं खराब झालं, आणि माफी तुम्ही परस्पर देवाकडे मागून मोकळे झालात.

मत्तय 5:23-24 वाचा. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये, असं येशू सांगतो. हे तो सांगत होता गालीलात, आणि वेदी होती यरुशलेमात, शंभर किलोमीटरच्याही पलीकडे. म्हणजे काही दिवसांची पायपीट करून पोचायचं आणि अर्पण न करताच मागे फिरायचं! तुमची ताई फार तर एका बसच्या अंतरावर असेल.

पैशांबद्दल नियमशास्त्र अगदी रोखठोक आहे. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात फसवून ठेवून घेतलेली वस्तू पूर्ण परत करायची, वर पंचमांश घालायचा, असं आहे. वीस हजार घेतले असतील तर चोवीस हजार. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर लुबाडलेल्यांना चौपट द्यायला तयार झाला. तुम्ही किती द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण रिकाम्या हातानं "सॉरी ताई" म्हणायला जाऊ नका.

पैशांपेक्षा अवघड काम पुढे आहे. ज्या काका-मावशींसमोर तिला खोटं पाडलंत, त्यांनाच फोन करून सांगायचं, "ताईनं पैसे दिले होते, मी खोटं बोललो." हे टाळून तिच्याकडे एकटीकडे माफी मागितलीत, तर पुढच्या लग्नात खाली मान घालून तीच बसणार.

तिच्यासमोर थोडक्यात बोला. "तुला वाईट वाटलं असेल तर" हे वाक्य नकोच. वाईट वाटलंच आहे. तेव्हा नोकरी नव्हती, बायको आजारी होती, हेही नको. आणि कृपा करून तिला साताच्या सत्तर वेळा क्षमा करण्याचं वचन व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. ते येशूनं आपल्या शिष्याला, पेत्राला सांगितलं होतं, कर्जदारानं सावकाराला ऐकवण्यासाठी नव्हे. (आपल्या मंडळ्यांत हा प्रकार फार चालतो.)

याकोबाची गोष्ट तुमच्या जवळची आहे. भावाचा, एसावाचा, आशीर्वाद बापाकडून फसवून घेतला, पळाला, वीस वर्षं मामा लाबानाकडे काढली. परतताना कळलं की एसाव चारशे माणसं घेऊन येतोय. याकोबानं शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई, गाढवं मिळून साडेपाचशेच्या वर जनावरं कळपाकळपानं पुढे पाठवली, भावासमोर सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. एसाव धावत आला, गळ्यात पडला, दोघं रडले. पण उत्पत्तीचा 33 वा अध्याय पुढेही वाचा. एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. पुन्हा एका छपराखाली राहिले नाहीत. बापाला मात्र दोघांनी मिळून पुरलं.

तुमच्या ताईचंही असंच होऊ शकतं. पैसे घेईल, पण घरी बोलावणार नाही. कदाचित दारही उघडणार नाही. तुमच्याकडून होईल तितकं शांतीनं राहा, असं पौल रोमकरांस लिहितो. तिच्या वाटचं तिच्यावर सोडा. तिनं माफ केलं नाही म्हणून देणं फिटत नाही. एकरकमी जमत नसेल तर हप्ते आणि तारखा कागदावर लिहून द्या, आणि पहिला हप्ता जातानाच सोबत न्या.