'माउंट'साठी 'मांड'

ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवर झोंबून लढण्याच्या खेळावरील मराठी लेखात 'अटॅकिंग फ्रॉम माउंट' याचे भाषांतर 'प्रबळ स्थितीतून आक्रमण' असे करावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते करू नये. 'प्रबळ स्थिती' या शब्दांतून कोण कुठे आणि कसे बसले आहे हे कळत नाही, आणि या खेळात सारे महत्त्व त्यालाच आहे.

पोर्तुगीज भाषेत 'माउंट' या स्थितीला 'मोंताडा' म्हणतात; घोड्यावर बसणे या अर्थाच्या 'मोंतार' या क्रियापदापासून तो शब्द झाला आहे. उताण्या पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या धडावर, दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसायचे आणि तो उसळी मारू लागला की मांड्या आवळून तोल सांभाळायचा, हे वर्णन घोडेस्वाराचेच आहे. स्वाराच्या अशा बैठकीला मराठीत 'मांड' हा नेमका शब्द आहे. मांड टाकली, मांड पक्की बसली, मांड ढिली झाली, हे सर्व प्रयोग मॅटवर जसेच्या तसे चालतात.

'स्वारी' हा शब्दही मोह पाडतो, कारण त्यात आरूढ होणे आणि चाल करून जाणे हे दोन्ही अर्थ आहेत. परंतु हा खेळ त्या दोन गोष्टी वेगळ्या मोजतो. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांनुसार मांड ३ सेकंद टिकवली की ४ गुण मिळतात, मग पुढे हल्ला होवो वा न होवो. तो कसा होतो, हे गळपट्टीच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अंगरख्याची कॉलर धरून गळा आवळण्याच्या, डावात चांगले दिसते. वर बसलेला खेळाडू गुडघे प्रतिस्पर्ध्याच्या काखांपर्यंत सरकवतो, त्यामुळे खालच्याचे कोपर बरगड्यांपासून सुटतात. मग एका हाताची चार बोटे गळपट्टीत खोल घालून दुसरा हात त्यावरून आडवा नेतो, आणि मनगटे मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाबली जातात. या खेळातला विश्वविजेता रॉजर ग्रेसी याच डावासाठी प्रसिद्ध आहे. खालच्याने गळा वाचवण्यासाठी कूस बदलली, तर त्याची पाठ वरच्याच्या हाती लागते.

कुस्तीतील 'चीत' येथे वापरू नये. कुस्तीत पाठ टेकली की लढत संपते, येथे ती तशीच चालू राहते. 'निकाली' मात्र अवश्य घ्यावा: पोर्तुगीजमधील 'फिनालिझासांव', म्हणजे प्रतिस्पर्ध्याला हार मानायला लावून लढत संपवणे, आणि आपली 'निकाली कुस्ती' यांच्यामागची कल्पना एकच आहे.

एक अडचण राहते. 'मांडीवरून हल्ला' असे लिहिल्यास वाचकाला मांडी हा अवयवच आठवेल. म्हणून विभक्ती टाळून 'मांड न सोडता हल्ला' असे लिहावे. ते अधिक अचूकही आहे, कारण हात गळपट्टीकडे वळताच मांड ढिली पडते आणि खालचा खेळाडू नेमकी तीच संधी शोधत असतो.