"मॅडम, मी ओरडले नव्हते"

वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही लैंगिक हिंसा आणि न्याय या विषयावरचे माहितीपट दाखवतो. पडद्यावर काय येणार आहे ते आधीच सांगतो, सगळे दिवे मालवत नाही, आणि दाराशी आमच्यातली एकजण बसते. "कुणावर असं झालंय का?" असं चर्चेत कधीच विचारत नाही. चार लोकांत बाईला बोलतं करणं ही मला दुसरी जबरदस्तीच वाटते.

त्या संध्याकाळी दाराशी मी होते. पडद्यावर न्यायालयातल्या उलटतपासणीत "आरडाओरडा का केला नाहीस?" असा प्रश्न आला आणि सुमनताई (नाव, तपशील बदललेत) चपला हातात घेऊनच बाहेर आल्या. मी पाणी दिलं, शेजारी बसले.

चार दिवसांनी त्या आमच्या समुपदेशन केंद्रावर आल्या. "झोपच लागत नाही. इतक्या वर्षांनी हे वर का आलं? मला वेड तर लागत नाही ना?" सिनेमा पाहून जुनी जखम उघडणं हे वेड नव्हे, हे मी सांगितलं. पण खरा प्रश्न त्यांनी उठता उठता विचारला. "मॅडम, मी ओरडले नव्हते. म्हणजे माझीच चूक ना?"

तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. माणूस नात्यातला. हातपाय दगडासारखे झाले, आवाज फुटेना. मी त्यांना परत बसवलं. जिवावरचं संकट आलं की शरीर कधी लढतं, कधी पळतं, कधी जागच्या जागी थिजतं. हे आपण ठरवत नाही.

मग मथुरा खटला सांगितला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, विरोधाची खूण नाही, अशा कारणांनी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीत तर स्पष्ट लिहिलं गेलं, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून बाईची संमती होती असं मानता येणार नाही. नव्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे.

"कायद्यात लिहिलंय?" त्यांनी दोनदा विचारलं.

तक्रारीचंही बोललो. बलात्काराच्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही, पीडितेचं नाव छापणं गुन्हा आहे. पण इतक्या वर्षांनी पुरावा उभा करणं अवघड जातं, हेही लपवलं नाही. त्यांनी तक्रार केली नाही. मी आग्रह धरला नाही.

त्यांना हवं होतं ते वेगळंच. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि आमंत्रणाच्या यादीत त्या माणसाचं नाव होतं. भावासमोर बसून ते त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं. का, विचारल्यावर सांगूनही टाकलं. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अक्का, तेव्हाच सांगायचंस ना."

ते "तेव्हाच" त्यांना फार लागलं. पुढच्या दोन भेटी आम्ही त्यावरच बोललो. तिसऱ्या भेटीला त्या भावाला सोबत घेऊन आल्या.