बास गिटार आली कुठून, तिच्यात काय असते आणि तिचे काम कोणते?

आपण विचारले आहे की, फोंडा तालुक्यातील आपल्या भजनी मंडळातला एक मुलगा बास गिटार शिकू म्हणतो. हे वाद्य आले कुठून, त्याचे भाग कोणते, तियात्रात (गोव्याच्या कोकणी संगीतनाटकात) आणि लग्नाच्या बँडमध्ये ते दिसते पण वेगळे ऐकू येत नाही तर त्याचे नेमके काम काय, आणि भजनात त्याला जागा आहे का. मी अनेक वर्षे गोव्यातील बँडमध्ये हेच वाद्य वाजवत आलो आहे आणि घरात भजनाची परंपरा असल्यामुळे आपला प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा वाटतो. उत्तराची सुरुवात मी वाद्याच्या कामापासून करतो, कारण ते काम एकदा कानाला पटले की इतिहास आणि रचना समजायला वेळ लागत नाही.

मंडळात पेटी असेलच. एकाला भाता मारायला बसवा, पांढरी एक हा षड्ज धरा आणि मध्य सप्तकातले सा, ग आणि प एकदम दाबून ठेवा. आता दुसऱ्या हाताने खाली मंद्र सप्तकातला सा दाबला, तर सगळे स्थिर आणि पूर्ण वाटेल. वरचे तीन सूर तसेच ठेवून खालचा सा सोडा आणि त्याऐवजी मंद्र धैवत दाबा. त्याच तीन सुरांवर एकदम उदास छटा येते. मग धैवत सोडून मंद्र मध्यम दाबा. आता ते तीन सूर अधांतरी, अजून कुठेतरी जायचे असल्यासारखे वाटतात. वरचे काहीही बदलले नाही, खालचा एकच सूर बदलला आणि वरच्या सुरांचा अर्थ बदलला. बास गिटारचे पहिले काम हेच आहे. आपल्या संगीतात तानपुऱ्याचा षड्ज आरंभापासून अखेरपर्यंत एकाच जागी राहतो आणि सारे स्वर त्याच्याशी नाते जोडतात; पाश्चात्त्य पद्धतीच्या गाण्यात मात्र हा आधार दर मात्रेला, दर आवर्तनाला जागा बदलू शकतो, आणि तो कधी व कुठे हलवायचा हे बास वाजवणाऱ्याच्या हातात असते. गायक आणि कीबोर्डवाला त्याच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या त्याच स्वरसमूहावर, असतानाही बासवादक एका सुराने गाण्याला वेगळ्या दिशेला वळवू शकतो.

दुसरे काम लयीचे. ड्रमच्या संचात पायाने वाजणारा मोठा ड्रम असतो, त्याला किक म्हणतात. बासचा सूर आणि किकचा ठोका एकाच क्षणी पडले की ऐकणाऱ्याला ते दोन आवाज वेगळे जाणवत नाहीत, एकच भरदार ठोका जाणवतो आणि पाय आपोआप हलतो. त्यामुळे बास हे ताल आणि स्वर यांच्या मधले वाद्य आहे: त्याचा आघात तालाच्या बाजूचा आणि त्याची आस, म्हणजे मागे टिकणारा नाद, स्वराच्या बाजूची.

या दोन कामांबद्दल बहुतेक जण बोलतात. मला मात्र तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे सूर कुठे थांबवायचा हे ठरवणे. विजेवरच्या बासची तार छेडली की तिचा सूर कितीतरी सेकंद टिकतो. तो पुढच्या सुरावर सांडला तर खाली चिखल होतो आणि वरच्या सगळ्या वाद्यांचा स्पष्टपणा जातो. म्हणून चांगला बासवादक डाव्या हाताची बोटे तारेवरून पूर्ण न उचलता नुसती सैल करून सूर बंद करतो, आणि उजव्या हाताचा अंगठा न वाजणाऱ्या जाड तारांवर टेकवून त्यांची गुणगुण दाबतो. एकच सूर अर्धी मात्रा धरला तर गाणे उड्या मारते, पूर्ण मात्रा धरला तर तेच गाणे वाहू लागते. नवशिक्याला जास्त सूर वाजवायची घाई असते, पण ऐकणाऱ्याच्या अंगात लय शिरते ती या थांबण्यातून, असे माझे ठाम मत आहे.

आता जन्माकडे वळू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील जॅझ आणि नृत्याच्या बँडमध्ये हे काम डबल बास करत असे. ते व्हायोलिनच्या आकाराचे, माणसाहून उंच, उभे राहून वाजवायचे वाद्य. ते प्रवासात नेणे जिकिरीचे, आणि ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम व पुढे विजेवरची गिटार यांच्या गजरात त्याचा आवाज बुडत असे. त्याला सतारीसारखे पडदे नसल्याने बोट अचूक जागी पडले की नाही हे कानानेच ठरवावे लागते. स्वतःचे वाद्यच ऐकू येत नसेल तर सूर हलणारच. सिएटलमधील पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात गिटारसारखी आडवी धरायची, भरीव लाकडाची आणि पडदे असलेली विजेवरची बास तयार करून ऑडिओवॉक्स या नावाने विकली होती. कल्पना पूर्ण होती, पण तिचा प्रसार झाला नाही.

प्रसार झाला तो लिओ फेंडर यांच्यामुळे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवता चालवता ते वाद्यनिर्मितीकडे वळले आणि १९५१ मध्ये त्यांनी प्रिसिजन बास बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून हे नाव. तिच्या तारेची वाजणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर ठेवली होती, आणि आजही बहुतेक बास गिटार याच मापाच्या असतात. नुसते वाद्य देऊन भागणार नव्हते, खालचे सूर पेलणारा ॲम्प्लिफायरही हवा होता. तो त्यांनी १९५२ मध्ये बासमन या नावाने दिला. लायोनेल हॅम्प्टन यांच्या बँडमधील मंक माँटगोमेरी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे वाद्य जॅझच्या मंचावर नेले. १९६० मध्ये फेंडर यांचीच जॅझ बास आली, तिची मान वरच्या टोकाला अधिक अरुंद आणि पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारे भाग, दोन. या दोन नमुन्यांची छाप आजच्या बहुतेक बास गिटारांवर दिसते.

रचना सांगताना मी तारांपासून सुरू करतो. नेहमीच्या बासला चार तारा असतात. सर्वांत जाड तार पांढरी तीनमध्ये, मग पांढरी सहा, पांढरी दोन आणि सर्वांत बारीक तार पांढरी पाचमध्ये लावतात. जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१, म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या बरोबर निम्मी. दोन्हींत एका सप्तकाचे अंतर. पाच तारांच्या बासमध्ये याहून खाली पांढरी सातची तार येते, तिची कंपने सुमारे ३१. प्रत्येक तार आधीच्या जाड तारेपेक्षा शुद्ध मध्यमाच्या अंतराने चढी असते, आणि याचा भजनाला फार उपयोग होतो; त्याकडे पुढे येतो.

तारा वरच्या टोकाला खुंट्यांवर गुंडाळतात आणि खालच्या टोकाला ब्रिजवर अडकवतात. दोन्हींच्या मध्ये लांब मान, आणि तिच्यावर फ्रेट, म्हणजे धातूचे बसवलेले पडदे. सतारीचे पडदे सरकवता येतात, हे सरकत नाहीत. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी बरोबर निम्मी होते आणि तार षड्ज मिळतो. चार तारांचा एकत्रित ताण ७० ते ८० किलोच्या घरात असल्याने मान पुढे वाकू नये म्हणून तिच्या आत लोखंडी सळई घातलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल पिते, मान किंचित हलते आणि तारा पडद्यांवर खरखरू लागतात. अशा वेळी ती सळई जाणकाराकडून थोडीशी फिरवून घ्यावी लागते. तारांना गंजही लवकर चढतो, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने त्या पुसणे गोव्यात तरी अनिवार्य समजावे.

आवाज मात्र लाकडातून बाहेर येत नाही. तारांच्या खाली पिकअप असतात: लोहचुंबक, आणि त्याभोवती तांब्याच्या केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत तेवढ्याच गतीचा क्षीण विद्युतप्रवाह उमटतो. तोच वायरमधून ॲम्पमध्ये जाऊन मोठा होतो. १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत विभागलेला असतो आणि त्यांची जोडणी अशी असते की विजेची घरघर एकमेकांत विरून जाते. लग्नाच्या हॉलमध्ये दिव्यांच्या माळा लागल्या की या युक्तीची किंमत कळते. काही वाद्यांत नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे सर्किटही असते. शिकणाऱ्याला त्याची गरज नाही.

आता ऐकू न येण्याबद्दल. मोबाइलच्या स्पीकरमधून सेकंदाला ४१ कंपनांचा सूर जवळजवळ निघतच नाही. आपला मेंदू वरच्या सहस्वरांवरून, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या चढ्या सुरांवरून, त्याचा अंदाज बांधतो. याउलट मोठ्या हॉलमध्ये त्या सुराची एक लाट आठ मीटरहून लांब असते, ती भिंतींवर आपटून कोपऱ्यांत साठते, आणि मग नुसता घुमारा ऐकू येतो, सूर कळत नाही. बास खरोखर ऐकायची असेल तर चांगल्या हेडफोनवर १९६० च्या दशकातील डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची गाणी लावा. तेथे जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवत, आणि गाण्याच्या आत दुसरे गाणे चालू असल्याचा भास होतो. त्या काळी तबकड्यांवर वादकांची नावे छापत नसत. जेमरसन यांचे नाव छापले गेले १९७१ मध्ये. आपल्या गोव्याच्या वादकांचेही असेच झाले. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईला गेलेल्या या मंडळींनी हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद अनेक दशके उभे केले, मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गुरू आणि सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर त्यांतूनच पुढे आले, पण बहुसंख्य वादकांची नावे पडद्यावर कधीच आली नाहीत. याची मला खंत वाटते, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

आणखी दोन बासवादकांची नावे त्या मुलाला जरूर सांगा. लॅरी ग्रॅहम आपल्या आईबरोबर वाजवत आणि त्यांच्याकडे ड्रमवाला नव्हता, म्हणून ते अंगठ्याने तारेवर थाप मारून किकचे आणि बोटाने तार ओढून दुसऱ्या ड्रमचे काम करू लागले. त्यातून स्लॅप नावाची वादनशैली रूढ झाली. जेको पास्टोरियस यांनी पडदे नसलेल्या बासवर जे वाजवले ते १९७६ मधील त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये आहे, आणि मींडेची सवय असलेल्या आपल्या कानाला ते पटकन आपलेसे वाटेल.

भजनात जागा आहे का? आहे, पण मर्यादित. पखवाज आणि डग्गा यांनी खालची पट्टी आधीच भरलेली असते आणि षड्ज हलत नाही, त्यामुळे लग्नाच्या बँडमधली कॉर्डमागून कॉर्ड बदलणारी चाल येथे आणली तर अभंगातला राग विस्कटतो. मुलाने सुरुवातीला दोनच सूर धरावेत. गायकाची पट्टी काळी एक असेल तर सा दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर मिळतो, आणि त्याखालचा मंद्र पंचम त्याच चौथ्या पडद्यावर, शेजारच्या अधिक जाड तारेवर. पट्टी कोणतीही असो, हे नाते बदलत नाही. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागातली चाल असेल तर पंचम अजिबात लावू नये. सा ज्या पडद्यावर आहे त्याच पडद्यावर शेजारची बारीक तार दाबली की मध्यम मिळतो, तो घ्यावा. आलाप आणि विस्तार चालू असताना हात तारांवर ठेवून गप्प बसावे, आणि गजर सुरू झाला की समेवर सा ठेवून पखवाजाच्या खुल्या बोलांशी त्याची लांबी जुळवावी. पखवाजवाल्याने हरकत घेतली तर त्याचे ऐकावे. बास आल्यावर त्याच्या बोलांचा घुमारा झाकला जातोय की नाही हे त्याच्याइतके कुणालाच कळणार नाही.

वाद्य घेताना चार तारांचे, साधे, बॅटरी नसलेले घ्या. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल तर ३० इंची लहान मापाची बासही मिळते, तिच्यावर बोटे ताणावी लागत नाहीत. साध्या गिटारच्या छोट्या ॲम्पला जोडून मोठ्या आवाजात वाजवू देऊ नका, त्याचा स्पीकर फाटतो. सरावासाठी हेडफोनची सोय असलेला बासचा लहान ॲम्प पुरतो, आणि पहिले काही महिने मेट्रोनोमबरोबर (ठरलेल्या लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राबरोबर) एकच सूर ठरलेल्या मात्रेवर सुरू करून ठरलेल्या मात्रेवर बंद करण्याचा रियाज त्याच्याकडून करून घ्या.