आमच्या बास्केटबॉल चाहत्यांच्या ग्रुपमध्ये प्रत्येक मॅचनंतर भांडणं होतात. कुणी "रेफ्री विकला गेलाय" म्हटलं की पेटतंच. चर्चा सभ्य कशी ठेवावी? आणि जॉर्डन मोठा की लेब्रॉन, या वादाचं काय करायचं?

नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. मी हौशी स्पर्धांमध्ये शिट्टी वाजवतो आणि चाहत्यांच्या एका ग्रुपमध्येही बरीच वर्षं आहे. त्यामुळे "रेफ्री विकला गेलाय" हे मी मैदानावर तोंडावरही ऐकलंय आणि ग्रुपमध्येही. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो.

शिव्यांवर बंदी घालून काही होत नाही. आम्ही घातली होती. लोकांनी शिव्या सोडल्या आणि टोमणे धरले. "भाऊ, कधी बॉल हातात धरलाय का?" यात एकही वाईट शब्द नाही, पण हे ऐकून माणूस एक तर कायमचा गप्प बसतो, नाहीतर समोरच्याच्या सात पिढ्या उद्धारतो. मला विचाराल तर त्यापेक्षा कच्ची शिवी परवडली. ती रागाच्या भरात येते आणि दुसऱ्या दिवशी विरते. टोमणा मात्र मुरत जातो.

आता माझा किस्सा. 2018 ची एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) फायनल्स, गोल्डन स्टेट विरुद्ध क्लीव्हलँड, पहिली मॅच. चौथ्या क्वार्टरची 36.4 सेकंद उरली होती आणि क्लीव्हलँड 104-102 नं पुढे होतं. गोल्डन स्टेटचा केविन ड्युरँट रिंगकडे घुसला, क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स आडवा आला, धडक झाली. शिट्टी वाजली ती चार्जची, म्हणजे फाउल ड्युरँटचा आणि बॉल क्लीव्हलँडचा. मग रेफ्री स्क्रीनपाशी गेले, रिप्ले पाहिला आणि निर्णय फिरवला: ब्लॉक, फाउल लेब्रॉनचा. ड्युरँटनं दोन्ही फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, कुणी न अडवता घ्यायचे शॉट) टाकले, 104-104. पुढचं तुम्हाला माहीतच असेल. शेवटच्या क्षणी पुन्हा बरोबरी असताना क्लीव्हलँडच्या जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो हुकला, रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) त्याच्याच टीमच्या जे. आर. स्मिथच्या हातात आला आणि हा पठ्ठ्या शॉट घ्यायचं सोडून बॉल घेऊन रिंगपासून लांब पळत सुटला. ओव्हरटाइममध्ये गोल्डन स्टेटनं 124-114 नं मॅच मारली. लेब्रॉनचे 51 पॉइंट पाण्यात.

आमच्या ग्रुपमध्ये क्लीव्हलँडचे एक कट्टर चाहते होते. माझ्याहून वयानं मोठे, खेळ बघून बघून मुरलेले. एरवी त्यांचं बोलणं ऐकत राहावंसं वाटायचं. त्या दिवशी त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "विकले गेले, तिघेही." मी समजवायला गेलो. लोकांना वाटतं की चार्ज मिळायला बचाव करणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीत रोवलेले हवेत. तसं काही नाही. तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो. बघायचं असतं ते एवढंच, की शॉट घेणाऱ्यानं वर उठायला सुरुवात करण्याआधी याचं धड त्याच्या वाटेत येऊन ठाकलं होतं की नव्हतं. लेब्रॉन तिथे पोचतच होता. मला आजही तो ब्लॉकच दिसतो.

हे रिप्ले थांबवून थांबवून बघणाऱ्याला सांगणं सोपं आहे. बेसलाइनवर, म्हणजे रिंगमागच्या रेषेवर, उभं राहिल्यावर काय दिसतं ते सांगतो. बॉलकडे आपण बघतच नसतो, नजर असते बचाव करणाऱ्याच्या छातीवर. समोरून एक गुडघा वर येत असतो, दुसरीकडे एक खांदा अजून वळत असतो. तो खांदा थांबला ते गुडघा उचलायच्या आधी की नंतर, हे पापणी लवायच्या आत ठरवून शिट्टी तोंडात असतानाच हात हलवायचा असतो. दोन्ही हात कमरेवर ठेवून ब्लॉकची खूण केली की अर्धं मैदान आंधळा म्हणतं. चार्जची खूण केली की उरलेलं अर्धं. आणि पुढच्या चार सेकंदांत खेळ पुन्हा सुरू झालेला असतो, तुमच्या मनात काहीही चालू असो.

गृहस्थांचं उत्तर आलं: "शिट्टीवाला शिट्टीवाल्यालाच सांभाळून घेणार. विकाऊ माणसं एकमेकांना धरून असतात."

झालं. ग्रुपचे दोन तट पडले. कुणीतरी मी दिलेल्या एका निर्णयाचा विषय काढला, तोही अशा मॅचमधला जी सांगणाऱ्यानं पाहिलीच नव्हती. ड्युरँट राहिला बाजूला, माझी लायकी हा विषय आठवडाभर पुरला.

यात मला अजून चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या गृहस्थांकडे एक पक्का मुद्दा होता. तेव्हाच्या नियमानुसार शेवटच्या दोन मिनिटांत ब्लॉक-चार्जचा रिव्ह्यू घ्यायचा तो बचाव करणारा रिंगखालच्या अर्धवर्तुळाच्या आत होता की बाहेर, अशी रेफ्रींना शंका असेल तर. ते अर्धवर्तुळ चार फुटांचं. लेब्रॉन त्याच्या चांगलाच बाहेर होता. मग शंका आली कसली? एकदा स्क्रीनपाशी गेल्यावर बाकीचं बघून निर्णय फिरवता येत होता, ते ठीक, पण मुळात गेलेच कशाला? जाणत्या लोकांनी त्या वेळी हाच प्रश्न विचारला आणि त्याला सरळ उत्तर देणं अवघड आहे. मी वाट बघत होतो की गृहस्थ हे काढतील. काढलं असतं तर मला कोपऱ्यात धरलं असतं त्यांनी. पण "विकाऊ" म्हटल्यावर नियमाचं पुस्तक उघडायची गरजच उरत नाही. शेवटी त्यांचा मुद्दा मीच मांडला, तर त्यांना त्यातही माझा डाव दिसला.

त्यानंतर आम्ही एक प्रथा पाडली आणि ती बऱ्यापैकी चालली. रेफ्रीबद्दल तक्रार असेल तर घड्याळ सांगायचं. कितवा क्वार्टर, किती वेळ उरला होता, कोणी काय केलं, आणि तुमच्या मते कोणती शिट्टी हवी होती. एवढं लिहा आणि मग हवं तितकं तापा. गंमत अशी की घड्याळ सांगायला रिप्ले बघावा लागतो, आणि रिप्ले बघायला गेलेल्यांपैकी बरेच जण परतच येत नाहीत. काही येतात ते "हो राव, हात लागलाय" असं म्हणत. ज्यांना नुसता धूर काढायचा असतो ते "घड्याळ सांगा" म्हटलं की वैतागतात. वैतागू द्या. मार्च 2015 पासून एनबीए स्वतःच अटीतटीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल काढते, कोणती शिट्टी बरोबर, कोणती चूक, कोणती वाजायला हवी होती पण वाजली नाही. तो वाचा. चुका दोन्ही बाजूंच्या निघतात. (आमच्या गृहस्थांचं यावरही म्हणणं तयार होतं: चूक कबूल केली म्हणजे चोर, नाही केली तर महाचोर.)

खेळाडूंबद्दल काय बोलायचं हा वेगळा विषय, आणि तिथे मी आणखी कडक आहे. "पैसे घेतात, मग ऐकून घ्यायला काय होतं?" हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. ऑरलँडोच्या निक अँडरसनचं बघा. 1995 च्या फायनल्सची पहिली मॅच, ऑरलँडो तीन पॉइंटनं पुढे, शेवटची काही सेकंद. याला लागोपाठ चार फ्री थ्रो मिळाले. एक जरी पडला असता तरी मॅच जवळजवळ खिशात होती. चारही हुकले. ह्यूस्टनच्या केनी स्मिथनं थ्री टाकून बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये ह्यूस्टन 120-118 नं जिंकलं आणि पुढे सीरिजही 4-0 नं. तोवर अँडरसन फ्री थ्रोवर सत्तर टक्क्यांच्या आसपासचा माणूस होता. 1996-97 च्या सीझनमध्ये तो 40.4 टक्क्यांवर आला. मधल्या काळात त्याच्या नावाला वीट (ब्रिक, म्हणजे वाईट हुकलेला शॉट) जोडून लोक चिडवत होते. त्यांच्यामुळेच हे झालं असं मी म्हणत नाही, माणसाच्या डोक्यात काय चालतं ते कोण सांगणार. पण फ्री थ्रो लाइनवर तुम्हाला कुणी अडवत नसतं, तिथे असतं फक्त तुमचं डोकं. "चार हुकवले" म्हणा, ते खरंच आहे. "घाबरट आहे, याला घरी बसवा" ही टीका नव्हे. 2018 मध्ये डीमार डीरोझन आणि केविन लव्ह हे एनबीएचे खेळाडू आपल्या मानसिक त्रासाबद्दल उघडपणे बोलले तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये सगळे हळहळले. आणि पुढच्याच मॅचला यांच्यातलेच काही जण गार्डच्या जागी खेळणाऱ्या एका नवख्या खेळाडूला "डोक्यानं अधू" म्हणत होते.

मायकेल जॉर्डन की लेब्रॉन, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर मला त्याचा कंटाळा आहे. आधी प्रत्येकानं मोजपट्टी सांगायची, मग नाव. फायनल्समधला हिशेब धरला तर जॉर्डन सहापैकी सहा आणि लेब्रॉन दहापैकी चार. कारकिर्दीतले सर्वाधिक पॉइंट धरले तर करीम अब्दुल-जब्बारचा 38,387 चा विक्रम लेब्रॉननं फेब्रुवारी 2023 मध्ये मोडला. अंगठ्या, म्हणजे जिंकलेली विजेतेपदं, मोजायची तर बिल रसेलच्या अकरा, मग तो कुठे गेला? आणि रसेलचे ब्लॉक (इथे अर्थ अडवलेले शॉट, वरचा फाउल नव्हे) कुणी सांगू नका, 1973-74 च्या आधी एनबीए ब्लॉक आणि स्टील (हिसकावलेले बॉल) मोजतच नव्हती. मोजपट्टी आधी सांगितली की वाद मिटत नाही, पण निदान दोघं एकाच गोष्टीवर भांडतात.

एक गोष्ट हल्ली वाढलीय, तिच्यावर माझ्याकडे औषध नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं जुनी बंदी उठवल्यापासून तिथे एकेका राज्यात मॅचवर पैसे लावणं कायदेशीर होत गेलं. मॅचवरच नव्हे, एखाद्या खेळाडूला किती रिबाउंड मिळतील यावरही. ज्याचे पैसे एका रिबाउंडवर अडकलेत त्याच्याशी बचाव, रोटेशन, काहीही बोलता येत नाही. ग्रुपमध्ये असा कुणी पेटलेला दिसला तर आधी विचारा, "लावले होते का?" हो म्हणाला तर त्या दिवशी विषय सोडा.

आता गृहस्थांच्या बाजूनं जे म्हणायला हवं ते. रेफ्री विकला जाऊ शकतो. टिम डोनागी हा एनबीएचा रेफ्री, ज्या मॅचमध्ये स्वतः शिट्टी वाजवली त्यांच्यावर पैसे लावत होता. 2007 मध्ये प्रकरण बाहेर आलं, 2008 मध्ये त्याला 15 महिन्यांची शिक्षा झाली. आणि 2002 च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल्समधली लेकर्स-सॅक्रामेंटो सहावी मॅच, जिच्या एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना 27 फ्री थ्रो मिळाले, ती मला रेफ्री म्हणूनही बघवत नाही. त्यामुळे "विकला" हा शब्दच बाद करा असं मी म्हणणार नाही. पण डोनागी सापडला तो एफबीआयच्या तपासात. आपली टीम हरली म्हणून कुणाला तो वास आलेला नव्हता. या फरकावर आम्हा दोघांचं कधी जमलं नाही. गृहस्थ पुढे ग्रुप सोडून गेले. जाताना "इथे आता फक्त नियम शिकवतात" असं लिहून गेले. शिकवतात, त्यात वाईट काय?

ग्रुप चालवणाऱ्यानं सगळ्यांसमोर खडसावू नये, बाजूला घेऊन सांगावं, हे बाकी कुणीही सांगेल. मी एवढंच जोडतो की ते सांगणारा माणूस त्या दिवशी हरलेल्या टीमचा चाहता असावा. जिंकलेल्याकडून सबुरीचा सल्ला कुणी ऐकत नाही.

आणि हे सगळं एकमेकांना नावानं ओळखणाऱ्या लोकांपुरतं. तुमचा ग्रुप हजारोंचा असेल तर घड्याळ-बिड्याळ विसरा. कुणाच्या घरच्यांवर, रंगावर, देशावर गेला की बाहेर, पहिल्याच वेळी, आणि "मॅचच्या भरात बोललो" हे कारण ऐकून घ्यायचं नाही.