एकच हेल्मेट तिघांना चालेल का?

प्रश्न : आमच्याकडे सायकल, मोपेड आणि मुलाची ती उभं राहून चालवायची ई-स्कूटर अशी तिन्ही आहेत. सायकलचं हेल्मेट हलकं, डोक्याला घाम येत नाही, म्हणून मोपेडवरसुद्धा सगळे तेच घालतात. नवरा म्हणतो काहीच नसण्यापेक्षा बरं. खरंय का? आणि मुलगा ई-स्कूटरवरून दोनदा पडला, दोन्ही वेळा साध्या खड्ड्यात, स्पीड तर काहीच नव्हता!

उत्तर : काहीच नसण्यापेक्षा बरं हे खरं, पण तेवढ्यावर मोपेड काढू नका. युरोपात सायकलच्या हेल्मेटचं स्टँडर्ड आहे ईएन १०७८, त्यात हेल्मेट सपाट लोखंडावर आपटतात ते ताशी साधारण १९.५ किलोमीटरने. मोपेड-मोटरसायकलवाल्यांच्या आधीच्या स्टँडर्डमध्ये, ईसीई २२.०५ मध्ये, तेच २७ ने आपटायचे. फरक फार नाही असं वाटेल, पण आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय सायकलच्या हेल्मेटमध्ये कान, जबडा सगळं उघडंच. तेव्हा मोपेडला मोपेडचं, आणि प्रत्येकाच्या डोक्याच्या मापाचं, कारण बाबांचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर नुसतं फिरत राहतं.

अजून एक, आतला थर्माकोलसारखा फोम एकदा दबला की परत फुगत नाही आणि बाहेरून कवच चकाचक दिसतं, म्हणून मुलगा दोनदा पडला तेव्हा डोकं आपटलं असेल तर ते हेल्मेट आता फक्त टोपी आहे, बदला. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जावीत. लावतच नसेल तर... असो, हँडलला लटकवलेली हेल्मेटं आपण सगळेच बघतो.

आता खड्डा. यात मुलाची चूक कमी, चाकाची जास्त. ई-स्कूटरचं चाक बहुतेक आठ-दहा इंचाचं, सायकलचं चाक ज्या खड्ड्यावरून धडधडत निघून जातं त्यात हे अडकतं, चाक थांबतं आणि वर उभा असलेला माणूस हँडलवरून पुढे जातो. त्याला सांगा, गुडघे थोडे वाकवून, एक पाय पुढे एक मागे असं उभं राहायचं, आणि ब्रेक खड्ड्याच्या आधी मारायचा, खड्ड्यात गेल्यावर नाही. वळताना हात दाखवायला एक हात सोडला तर हे वाहन लगेच डुगडुगतं, मोकळ्या जागेत आधी सराव केलेला बरा, आणि तोवर इंडिकेटर असलेलं मॉडेल असेल तर उत्तमच. कानात इयरफोन? नको, मागून येणारी गाडी आधी ऐकूच येते, दिसते नंतर.

प्रश्न : सायकल अगदी कडेने चालवावी ना, म्हणजे सेफ?

उत्तर : अगदी कडेने नाही. कडेला गाड्या उभ्या असतात आणि कोण कधी दार उघडेल सांगता येत नाही, निदान एक मीटर अंतर ठेवा. मागचे हॉर्न मारतील, मारू द्या. आणि कधी तुम्ही कारमध्ये असाल तर दार लांबच्या हाताने उघडून बघा, म्हणजे दार उजवीकडे असेल तर डाव्या हाताने, खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. नेदरलँड्समध्ये ही सवय ड्रायव्हिंग शिकतानाच लावतात.